सांधा नवा, काच जुनी

जुना फिश टँक विकत घ्यावा का, हा प्रश्न तसा किरकोळ. पण घरात तो निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, काच ती काच, स्वस्तात मिळतेय तर आणा आणि पाणी भरा. दुसरा म्हणतो, लोकांच्या घरातून निघालेली गळकी पेटी पैसे मोजून आपल्या घरात आणायचीच कशाला? या दुसऱ्या पक्षाला लेखापुरतं मी ‘काकाजी’ म्हणतो. काकाजी हे कोणी एक गृहस्थ नव्हेत. बाळापूरला, अकोल्याला, अकोटला, कुठेही जा, वस्तू उंबरठ्याच्या आत यायच्या आधी तिच्यातली खोट काढणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच, आणि बहुतेक वेळा त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसतं. माझी बाजू आधीच सांगून टाकतो. जुनी टाकी जरूर घ्यावी, पण आणली तशी कधीच भरू नये, आणि तिला ठिगळ तर मुळीच लावू नये. आतलं सिलिकॉन सगळं खरवडून काढायचं, नव्याने भरायचं, अंगणात आठवडाभर पाणी भरून पाहायचं आणि मगच ती बैठकीत न्यायची. एवढी खटपट करायची तयारी नसेल तर काकाजींचं ऐकावं.

काकाजींचा पहिला मुद्दा जिवाच्या भीतीचा आहे. “अरे बाबू, सव्वाशे लिटर पाणी हाय ते. रातच्याले सांधा सुटला तं घरभर पूर येईन, अन् खाली विजेचा बोर्ड असन तं इचारूच नको. थे जर्मनीतली एवढी मोठी टाकी फुटली, पाह्यली नाई काय टीव्हीवर?” ही भीती खोटी नाही. बर्लिनमधल्या एका हॉटेलच्या दालनात 2003 पासून उभी असलेली ‘अ‍ॅक्वाडोम’ नावाची दंडगोलाकार टाकी 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे फुटली. सुमारे दहा लाख लिटर पाणी आणि दीड हजाराच्या आसपास मासे दालनातून रस्त्यावर आले. काकाजींना सोयीची गोष्ट म्हणजे ती टाकी त्याच वर्षी उन्हाळ्यात दीर्घ नूतनीकरणानंतर पुन्हा सुरू झाली होती. “मंग? दुरुस्त केलेलीच टाकी फुटली ना? माह्या बाजूनंच बोलून राह्यला तू!”

थांबा काकाजी, अहवालात काय निघालं ते पाहू. तज्ज्ञांनी पुढच्या वर्षी तपासाचा निष्कर्ष दिला तेव्हा एका कारणावर बोट ठेवता आलं नाही. तीन शक्यता समोर आल्या. चिकटवलेला सांधा निकामी झाला असेल, नूतनीकरणाच्या वेळी तळाजवळ खाच पडली असेल, किंवा टाकी रिकामी असताना तिचं अ‍ॅक्रिलिक फार सुकलं असेल. या तीनपैकी दोन शक्यता टाकीच्या वयाबद्दल बोलतच नाहीत. टाकी रिकामी असताना तिला कसं हाताळलं, याबद्दल बोलतात. शिवाय ती टाकी अ‍ॅक्रिलिकची होती. अ‍ॅक्रिलिक थोडं पाणी शोषतं, सुकलं की आकसतं, त्यामुळे त्यात ताण साठतो. काचेचं तसं नाही. काच दहा वर्षं माळ्यावर कोरडी पडून राहिली तरी तिच्या अंगी काही फरक पडत नाही. आणि बर्लिनचा दंडगोल सुमारे 14 मीटर उंच होता. आपल्या दीड फूट उंच टाकीच्या तळाशी त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढाही दाब येत नाही. तेव्हा बर्लिनवरून घ्यायचा धडा ‘जुनं नको’ असा नाही, ‘दुरुस्ती अर्धवट नको’ असा आहे. माझंही म्हणणं तेवढंच आहे.

पण दाब कमी म्हणजे नगण्य नव्हे, आणि इथे थोडा हिशेब करायला हवा, कारण जुनी टाकी निवडताना सगळ्यात जास्त फसगत याच ठिकाणी होते. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसतो, खोलीवर असतो. काटेपूर्णा नदीवरचं महानचं धरण पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. मागे जलाशय कितीही लांब पसरलेला असो, भिंतीला मोजावी लागते ती पाण्याची उंची. आता 3 फूट लांब, 1 फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण 90 बाय 30 बाय 45 सेंटिमीटरची टाकी घ्या. काठोकाठ भरली तर तिच्यात 121 लिटर पाणी मावतं. तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर 45 ग्रॅम दाब येतो आणि समोरच्या एका काचेवर एकूण रेटा 90 किलोच्या घरात जातो. तीच टाकी दोन फूट उंच केली तर त्याच काचेवरचा रेटा 160 किलोच्या वर. उंची वाढली एक तृतीयांशाने, रेटा वाढला जवळपास पावणेदोन पट. त्यामुळे 6 मिलिमीटर काचेची, वरच्या कडेला आडव्या पट्ट्या असलेली दीड फुटी टाकी डोळे झाकून नसली तरी विश्वासाने घेता येते. त्याच जाडीच्या काचेची दोन फूट उंच टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. जाडी पाहायला यंत्र लागत नाही. वरच्या कडेला मिलिमीटरची साधी पट्टी लावली की दिसते. आडव्या पट्ट्या तुटून गेल्या असतील तर वरची कड पाणी भरल्यावर बाहेर फुगते आणि सांध्याला सतत ओढ बसते. विकणारा म्हणेल, त्या काढल्या की हात घालायला सोपं जातं. त्याचं ऐकू नका, पट्ट्या नव्या बसवून घ्या.

आता जुन्या टाकीत म्हातारं काय होतं ते पाहू, कारण माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. काच म्हातारी होत नाही; जखमी मात्र होते. खोल ओरखडा, कडेचा टवका, कोपऱ्यातली केसासारखी रेघ, या जखमांपाशी ताण गोळा होतो आणि काच तिथून जाते. म्हातारं होतं ते सिलिकॉन. काचेच्या टाकीत ते दोन ठिकाणी असतं आणि दोन्हींचं काम वेगळं आहे. एक पातळ थर दोन काचांच्या मध्ये, कडेला कड भिडते तिथे. टाकी उभी राहते ती या थरावर. दुसरी पट्टी आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली दिसते. ती पहिल्या थराचं पाण्यापासून, शेवाळापासून आणि आपल्या खरवडणीपासून रक्षण करते. कोपरा काळा पडला, सोलून निघाला, नखाने उचकटला, अशा तक्रारी बहुतेक वेळा या दुसऱ्या पट्टीच्या असतात. मधल्या थराची परीक्षा वेगळी. टाकी उजेडात धरा आणि बाहेरून, काचेतूनच, सांध्याच्या कडेकडे तिरकं पाहा. थर सलग एकरंगी दिसला तर ठीक. चंदेरी चकाकणारे ठिपके दिसले तर तिथे सिलिकॉन काचेपासून सुटलंय. ठिपके सुटेसुटे आणि बारीक असतील तर चालतं. एखादी चकाकी थराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली असेल तर आतली पट्टी बदलून भागणार नाही. ती टाकी पूर्ण खोलून, पाचही काचा सुट्या करून पुन्हा जोडावी लागेल.

इथे काकाजी एक मजेदार उडी मारतात. टाकी आणूच नको म्हणणारे काकाजी ती दारात आली की एकदम काटकसरी होतात. “आता आणलीच हाय, अन् एका कोपऱ्यातूनच थेंब थेंब गयते, तं तेवढंच बुजव ना. एम-सीलची गोळी मळून लाव, सुकू दे, झालं. सारी टाकी कायले सोलत बसतं?” मला वाटतं, ‘घेऊच नको’ आणि ‘तेवढंच बुजव’ ही दोन्ही मतं एकाच गैरसमजातून निघतात. दोन्हींत टाकी ही एक अखंड वस्तू समजली जाते: एक तर ती चांगली असते नाही तर गळकी असते, आणि गळकी असली तर भोक एका जागी असतं. प्रत्यक्षात ती पाच काचा आणि आठ सांधे यांची जुळणी आहे. पाणी जिथून बाहेर दिसतं तिथूनच आत शिरलेलं असतं असं नाही. आतली पट्टी मागच्या कोपऱ्यात सुटलेली असते, पाणी सांध्यातल्या पोकळीतून सरकत जातं आणि पुढच्या कोपऱ्यात थेंब होऊन येतं. पुढचा कोपरा बुजवला तर ते तिसरीकडे निघतं.

त्याहून मोठी अडचण रसायनाची आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे किती टाक्या दोनदोनदा गळल्या असतील कोण जाणे. नवं सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, पण घट्ट झालेल्या जुन्या सिलिकॉनला धरत नाही. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर सहसा काहीच चिकटत नाही. म्हणून तर बेकरीचे साचे त्याचे करतात. कोपऱ्यातल्या जुन्या पट्टीवर नव्याचा थर ओढला की तो दिसतो सुंदर, पण पाणी त्या दोन थरांच्या मधून वाट काढतं. एम-सीलची गोष्ट वेगळी. तो कडक होणारा लगदा आहे. नळाच्या सांध्याला, लोखंडी टाकीला त्याची जागा बरोबर आहे. पण पाणी भरताना काच किंचित फुगते, उन्हाळ्या-हिवाळ्यात किंचित लांबते-आखडते, आणि या हालचालीला रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉनच साथ देतं. कडक लगदा एकदा सुटला की सुटला. तोही बाहेरून लावलेला असेल तर पाण्याचा सगळा रेटा त्याला भिंतीवरून ढकलायच्याच दिशेने असतो. आतून लावलेल्या पट्टीला तोच रेटा काचेवर दाबून धरतो. तेव्हा काकाजी, सारी टाकी सोलायची ती हौस म्हणून नाही. आतल्या पट्ट्या कोपऱ्यात एकमेकींना मिळतात. एक काढून नवी भरली तर तिची दोन्ही टोकं जुन्या सिलिकॉनवरच टेकणार, आणि तीच दोन टोकं पुढे गळणार.

कामाची रीत थोडक्यात सांगतो, पण ज्या दोन-तीन जागी हात चुकतो तिथे थांबून. धारदार सपाट पातं काचेला जवळजवळ चिकटवून धरायचं आणि आतली पट्टी आधी एका काचेवरून, मग दुसऱ्या काचेवरून सोडवायची. पातं दोन काचांच्या मधल्या फटीत घुसवायचं नाही. आपल्याला ठेवायचा आहे तोच हा थर. पट्टी निघाली तरी काचेवर डोळ्यांना न दिसणारी साय राहते. कोरडं बोट फिरवून पाहा. स्वच्छ काचेवर ते सरकतं, साय असेल तिथे अडखळतं. अशा जागी पातं पुन्हा चालवायचं आणि शेवटी अ‍ॅसिटोन लावलेल्या सुती फडक्याने पुसायचं. खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मुलखातल्या, टाकीवर पांढरा थर हमखास असतो. तो आधी व्हिनेगरने सोडवून साध्या पाण्याने धुवायचा. साबण, कपडे धुण्याची पावडर यांतलं काहीही टाकीला लावायचं नाही. मग कोपऱ्यापासून 6 ते 8 मिलिमीटर सोडून दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावायची. नळी निवडताना हार्डवेअरच्या दुकानात ‘बाथरूमसाठी’, ‘बुरशीरोधक’ असं लिहिलेली पुढे केली जाते. ती नको, त्यातलं बुरशीनाशक माशांना मारक ठरू शकतं. भरताना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं, काहीही न मिसळलेलं शंभर टक्के सिलिकॉन हवं. आपल्या 3 फुटी टाकीत तळाचे चार आणि उभे चार मिळून सांधे होतात सव्वाचार मीटरच्या आत; 6 मिलिमीटरची पट्टी धरली तर 75-80 मिलिलिटर माल लागतो, म्हणजे दोन-तीनशे रुपयांची एक नळी पुरून उरते. आठही सांधे एका दमात भरायचे, हातमोजा घातलेल्या बोटाने एकदाच ओढायचं, आणि वर साय धरायच्या आत, पाच-सात मिनिटांत, चिकटपट्टी उचलायची. पुन्हा पुन्हा बोट फिरवून कोपरा देखणा करायचा मोह आवरा. साय धरल्यावर फिरवलेलं बोट पट्टी सजवत नाही, फाडतं.

सुकवण्याच्या बाबतीत वऱ्हाडाचं हवामान एक फसवी चाल खेळतं. आपल्याला वाटतं, मे महिन्यात 45 अंशांवर सगळं चटकन वाळतं, मग सिलिकॉनही वाळेल. सिलिकॉन वाळत नाही. ते हवेतली वाफ घेऊन घट्ट होतं. ‘दिवसाला 2 ते 3 मिलिमीटर’ हा जो वेग सांगितला जातो तो साधारण 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता धरून. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते. वरची साय लवकर धरते आणि आतला गाभा मऊ राहतो. त्यामुळे श्रावणात ज्या कामाला आठवडा पुरतो त्याला मे महिन्यात दोन आठवडे द्यावेत, किंवा टाकी कूलर चालतो त्या खोलीत ठेवावी. कूलरची ओल माणसाला चिकचिक वाटते. सिलिकॉनला तीच हवी असते. आंबूस वास पूर्ण गेला की आतलं काम होत आलं असं समजावं. वास येतोय तोवर पाणी नाही.

मग परीक्षा. टाकी अंगणात, सपाट फळीवर, खाली वर्तमानपत्र पसरून ठेवायची आणि एक तृतीयांश भरून एक दिवस, दोन तृतीयांश भरून दुसरा दिवस, मग काठाशी आणून आठवडा असं थांबायचं. इथेही उन्हाळा गोंधळ घालतो. सावलीत ठेवलेल्या टाकीतूनही पाणी वाफ होऊन रोज काही मिलिमीटर खाली जातं, आणि ते पाहून भलेभले टाकी गळते म्हणून हात झटकतात. यावर सोपा उपाय आहे: शेजारी एक सरळ भिंतीचा डबा त्याच पाण्याने भरून ठेवा, दोन्हींवर सकाळी पेनाने खूण करा. डब्याइतकीच टाकी उतरली तर वाफ, टाकी जास्त उतरली तर गळती. वर्तमानपत्राची घडी सांध्याखाली ठेवली तर रात्रीत पडलेला एक थेंबही सकाळी गोल डाग दाखवतो. आणि खाऱ्या पाण्याचा हा एक उपकार मानलाच पाहिजे, की ते जिथून पाझरतं तिथे सुकल्यावर पांढरी रेघ ओढून जातं. गोड्या पाण्याची बारीक गळती महिनाभर लपून राहते. बोअरच्या खाऱ्या पाण्याची चार दिवसांत उघडी पडते.

“एवढं सगळं करण्यापरीस नवी घे ना,” हा काकाजींचा तिसरा आणि सगळ्यात वजनदार मुद्दा. “नव्या टाकीले दुकानदार ग्यारंटी देते. तुह्या या पेटीले कोन ग्यारंटी देईन?” यातलं जे खरं आहे ते मी नाकारत नाही. दीड-दोन फूट लांबीच्या छोट्या टाकीसाठी ही दुरुस्ती परवडत नाही. नळी, अ‍ॅसिटोन, पाती आणि आपले दोन रविवार यांची किंमत धरली तर नवी जवळपास तेवढ्यातच येते. काकाजी तिथे जिंकले. पण 3 फुटांच्या पुढे काचेचीच किंमत वाढत जाते. 6 मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला 15 किलो. आपल्या टाकीत ती 20 किलो आहे, चार फुटी आणि जाड काचेच्या टाकीत याच्या दुपटीच्या वर जाते. जुनी घेताना आपण ही काच घेतो आणि सांधा स्वतः करतो. आणि ग्यारंटीचं म्हणाल तर, नवी टाकीही बहुतेक वेळा कुठल्यातरी काचवाल्याने त्याच नळीने हातानेच जोडलेली असते. ती किती दिवस सुकवली, काच पुसली होती का, हे आपण पाहिलेलं नसतं. नंतर ती टेम्पोत बसून अकोल्याहून बाळापूरपर्यंत महामार्गाचे हादरे खात येते. दुकानदार टाकी बदलून देईल. भिजलेला सोफा आणि मेलेले मासे बदलून देणार नाही. म्हणून माझं मत असं की नव्या टाकीचीही अंगणातली आठवडाभराची परीक्षा चुकवू नये. जी गोष्ट ग्यारंटी म्हणून मागायची तीच परीक्षा आहे, आणि ती दोघींना सारखीच लागू आहे.

काही टाक्या मात्र फुकट दिल्या तरी घ्यायच्या नाहीत, आणि याबाबत मी काकाजींपेक्षाही कडक आहे. तळाच्या काचेला तडा गेलेली टाकी नको; तड्यात सिलिकॉन भरलं की काम झालं असं विकणारा सांगेल, पण सिलिकॉन गळती अडवतं, भार घेत नाही. ती काच बदलायची तयारी असेल तरच विचार करा. तळाला कडक केलेली, म्हणजे टफन, काच असेल तर तिला भोक पाडता येत नाही, कापता येत नाही, आणि गेली तर एका क्षणात तिचे खडे होतात. हे माहीत असूनच घ्या. आणि शेतावर किंवा गोदामात पडून असलेली टाकी असेल तर तिच्यात काय ठेवलं होतं ते खोदून खोदून विचारा. कपाशीच्या मुलखात फवारणीचं औषध कशातही कालवलं जातं. सिलिकॉन अशी रसायनं शोषून ठेवू शकतं आणि मधल्या थरातलं सिलिकॉन आपण काढणार नसतो. उत्तर चाचरत आलं तर पाठ फिरवा.

शेवटी काकाजी मूळ पदावर येतात. “अन् एवढं करून मासे जगतीन काय आपल्या उन्हायात? बोअरचं पाणी खारं, लाईनचा भरवसा नाई.” हा आक्षेप खरं म्हणजे दुरुस्तीवर नाही, मासे पाळण्यावरच आहे, आणि तो नव्या टाकीलाही तेवढाच लागू पडतो. तरी त्याचं उत्तर जुन्या टाकीच्या बाजूनेच जातं. पाण्यात विरघळणारा प्राणवायू तापमानाबरोबर घटतो: 25 अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, 35 अंशांना सातच्या आसपास. वीज गेली आणि पंप थांबला की छोट्या टाकीचं पाणी आधी तापतं आणि मासे आधी वर येऊन तोंड मारू लागतात. मोठ्या टाकीला तापायला वेळ लागतो. म्हणजे आपल्या हवामानात जमेल तेवढी मोठी टाकी हवी, आणि मोठी टाकी बेताच्या पैशात मिळते ती जुनीच. पाण्याचं म्हणाल तर पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे आणि बाळापूर तालुक्यातली अनेक गावं त्यात येतात. तिथे नाजूक माशांचा हट्ट धरू नये. मॉली आणि गप्पी हे दोन मासे जड, किंचित खारं पाणी सोसतात. गप्पी तर डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातंच पाण्याच्या टाक्यांत सोडायला देतं.

खाऱ्या पाण्यापेक्षा मला जास्त धास्ती आहे ती काळ्या मातीची, आणि गंमत म्हणजे काकाजी तिचं नाव काढत नाहीत. भरलेली टाकी, पाणी, काच, रेती, दगड मिळून दीडशे-एकशेसाठ किलो होते, म्हणजे जवळपास कापसाची एक गाठ, आणि ती एक फूट रुंदीच्या पट्ट्यावर उभी. मन आणि म्हैस नद्यांच्या काठचं बाळापूर काळ्या मातीवर वसलंय. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि जुन्या घरांच्या फरश्या तिच्याबरोबर वरखाली होतात. स्टँडचा एक पाय सुतभर खाली गेला की टाकीला पीळ बसतो, आणि पीळ ही एकच गोष्ट अशी आहे की जी उत्तम भरलेला सांधाही फार दिवस सोसत नाही. स्टँड ठेवताना पाणसळ लावा, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडून. सपाट तळाच्या टाकीखाली बोटभर जाडीचं थर्माकोल घाला. आणि पहिला पावसाळा संपला की पाणसळ पुन्हा एकदा लावून पाहा. पाण्याची पातळी दोन टोकांना काठापासून सारखी आहे का, एवढं पाहिलं तरी फरक कळतो. अंगणात पास झालेली टाकी सहा महिन्यांनी घरात गळली तर दोष सांध्यावर जातो. बहुतेक वेळा दोषी फरशी असते.

एक विनंती विकणाऱ्यांना आहे. जुन्या टाकीच्या बाजारात काचेची लांबी-रुंदी सगळे सांगतात, सांध्याचं वय कोणीच सांगत नाही, आणि जाणून घ्यायचं असतं नेमकं तेच. आतली पट्टी नव्याने भरलीत की तळाच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, पक्क्या पेनाने महिना आणि साल लिहून ठेवा. मधला थर कधीचा, तेही माहीत असेल तर लिहा. पुढे टाकी विकताना घेणाऱ्याला ती उलटी करून दाखवा.